तांडेल रविवार बघत नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. रेवदंड्याजवळच्या आमच्या गावात आम्ही पाच-सहा जण मिळून शाळकरी मुलांना मासेमारीची ओळख करून देतो. जाळी, होड्या, भरती-ओहोटी, खडकातले जीव, मासळी ओळखणं असं सगळं. मुलं पाचवी ते आठवीची. स्वयंसेवकांच्या यादीत 22 नावं आहेत, प्रत्यक्षात येतात सहा. कॉलेजची पोरं तीन रविवार उत्साहाने येतात, मग फोन उचलत नाहीत. एका रविवारी नऊ वाजता 40 मुलं किनाऱ्यावर नेली, तर खडकच पाण्याखाली! त्यात आमचे जुने तांडेल (होडीवरचे प्रमुख) काका रुसले आहेत. ते मुलांना माकूल (स्क्विड) दाखवत होते, तेव्हा जीवशास्त्र शिकणारी आमची एक स्वयंसेविका मध्येच म्हणाली, "काका, माकूल मासा नाहीच." मुलं हसली. काका त्यानंतर फिरकले नाहीत. एका देणगीदाराने थोडे पैसे दिले आहेत. त्यातून सगळ्यांना टी-शर्ट करावेत की मानधन द्यावं?
– एक वाचक, रायगड जिल्हा

उत्तर : खडक पाण्याखाली गेले तो दिवस द्वादशीचा किंवा त्याच्या अलीकडचा-पलीकडचा असणार, पंचांग काढून बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. बाराची पाऊणपट नऊ. माझं माहेर हर्णै. आमच्याकडे हा हिशेब पोरं पाढ्यांच्या आधी शिकायची. तुमच्या तांडेलांना विचारलं असतंत तर त्यांनी जागच्या जागी सांगितलं असतं. पण तुम्ही त्यांना तारीख कळवलीत, विचारली नाहीत. तुमच्या पत्रातलं निम्मं दुखणं मला इथेच दिसतं.

तुम्ही "स्वयंसेवक" या एका शब्दात दोन वेगळी माणसं कोंबली आहेत. कॉलेजच्या पोराला रविवार मोकळा असतो. तांडेलाला रविवार नसतोच, त्याला उधाण (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती-ओहोटी) असतं आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी) असतो. तेव्हा वर्षाचं वेळापत्रक रविवारवर न बांधता तिथीवर बांधा. द्वितीया ते चतुर्थी, शुद्ध असो की वद्य, भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी साडेसात ते सव्वानऊच्या दरम्यान, पूर्ण ओहोटी असते आणि पाणी चांगलं आत जातं. खडक दाखवायला हेच दिवस. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला, तीही भांगाची. पाणी धड उतरत नाही आणि मुलं उन्हात करपतात. (वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी, हेही ध्यानात घ्या. उपासाच्या दिवशी मासळीला हात लावायला निम्मे जण कां-कूं करतात, शिवाय खिचडीची सोय बघावी लागते. तृतीया बरी.) अशी तिथी महिन्यातून एखाद्याच रविवारी येईल. येऊ दे. महिन्याला एक नीट फेरी झाली तरी चार फसलेल्या फेऱ्यांपेक्षा माणसं टिकतात.

आता पैसे. टी-शर्ट नकोत. मी स्पष्टच सांगते, देणगीदाराला फोटोत टी-शर्ट हवे असतात, खडकावर पोरांना तळवा जाड असलेले बूट हवे असतात. कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात. बूट घ्या, आणि एक चांगला थर्मास घ्या. थर्मासचं कारण माझी एक चूक आहे. एका फेरीत सातवीतल्या मुलाने शिंगाळा (काटेवाला मासा) उचलला आणि काटा त्याच्या अंगठ्याच्या बुडात शिरला. माझ्या स्वयंसेवकाने धावत जाऊन मासळीच्या पेटीतला बर्फ आणला, तो लावला. मुलगा आणखी ओरडायला लागला. मी त्या स्वयंसेवकावर सगळ्यांदेखत चिडले. खरं तर त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि शिकवायचं काम माझं होतं. शिंगाळा, पाकट यांच्या काट्याच्या विषाला गरम पाणी लागतं, भाजणार नाही पण सोसेल इतकं गरम. त्यात हात बुडवून ठेवायचा आणि मग डॉक्टरकडे न्यायचं. तो मुलगा दोन दिवसांत बरा झाला. स्वयंसेवक मात्र परत आला नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून पहिल्या फेरीआधी एक संध्याकाळ फक्त स्वयंसेवकांसाठी ठेवा. काय चावतं, काय टोचतं, मुलांची मोजदाद कुणी आणि कधी करायची, आणि कुणीही एकटं कुठल्या मुलाला घेऊन कडेला जायचं नाही, एवढंच.

मानधन द्या, पण सरसकट नको. कॉलेजच्या पोरांना एसटीचं भाडं आणि पोटभर नाश्ता. त्यांनाही ते पुरतं. तांडेल काकांना, खलाशांना, मासळी विकणाऱ्या मावशींना त्या दिवसाची मजुरी द्या, आणि ती कार्यक्रम संपायच्या आत हातात द्या. "काका आपलेच आहेत" म्हणून फुकट राबवणं मला पटत नाही. आपल्याच माणसाचा दिवस बुडाला तरी बुडतोच. मावशींना सकाळची वेळ तर देऊच नका, तो त्यांचा बाजार असतो.

पोरं तीन रविवारांनंतर का गळतात? माझा अंदाज, ती नुसती उभी असतात. बोलणारा एक आणि "शांत बसा रे" म्हणणारे पाच. आमच्याकडे असाच एक मुलगा होता, कोपऱ्यात मोबाइल बघत बसायचा. 2023 मध्ये राज्य सरकारने 54 जातींची मासळी पकडायला किमान लांबी ठरवून दिली, त्यात पापलेट 135 मि.मी. त्याच वर्षी पापलेट राज्यमासाही झाला. मी त्या मुलाला एक लाकडी पट्टी दिली, 135 वर करवतीने खाच पाडलेली, आणि म्हटलं, ही पट्टी तुझी, लिलावाच्या वेळी मुलांना घेऊन तू जायचं. पहिल्या दिवशी तो लाजला. चौथ्या फेरीला त्याला बघून एक मावशी बारक्या पापलेटांची टोपली पाठीमागे सरकवायला लागली, आणि मुलं खिदळायला लागली. त्याने मावशीला काही म्हटलं नाही. मुलांना एवढंच विचारलं, "हा मासा अंडी घालायच्या आधी टोपलीत आला, तर पुढच्या वर्षी टोपलीत काय येईल?" नंतर त्याला मला कधी फोन करावा लागला नाही. प्रत्येकाला अशी एक वस्तू किंवा एक खडक द्या, ज्याबद्दल मुलं फक्त त्यालाच विचारतील.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत मुलांना पाण्याजवळ नेऊ नका. पण होड्या शाकारलेल्या असतात, माणसं जाळी विणत बसलेली असतात. तांडेल तुम्हाला निवांत भेटतील ते याच दिवसांत.

माकुलाचं म्हणाल, तर बरोबर दोघंही आहेत. माकूल मृदुकाय, शिंपल्याच्या कुळातला. आणि जाळ्यात येतो, मासळीबाजारात विकला जातो, म्हणून काकांच्या लेखी मासळीच. हा फरक मुलांना सांगण्यासारखा आहे, आणि तो काकांनीच सांगितला तर जास्त रंगेल. पण त्या मुलीला माफी मागायला पाठवू नका. माफीनाम्याने काका आणखी अवघडतील. तिला म्हणावं, जाळं विणायला शिकायचंय म्हणून जा, सकाळभर बस, आस (जाळ्याचं भोक) चुकला की उसवून पुन्हा घाल. दुपारपर्यंत काका स्वतःच माकुलाचा विषय काढतील. फक्त त्यांच्या तोंडात तंबाखू असताना तिने प्रश्न विचारू नये.