छातीत दुखतंय म्हणजे सरसकट ऑक्सिजन?

प्रश्न : सहा महिन्यांपासून ॲम्ब्युलन्सवर पॅरामेडिक आहे. पेशंट छातीत दुखतंय म्हणाला की सिनियर आधी ऑक्सिजन लावायला सांगतात. पंधरा वर्षं हेच करतोय, कोणाचं काही बिघडलं नाही म्हणतात. प्रोटोकॉलमध्ये मात्र सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं टक्क्यांतलं प्रमाण) बघून ठरवा असं आहे. ऐकायचं कोणाचं? आणि या धावपळीत रिसर्च वाचायचा कधी?

उत्तर : वाचायचा घरी, गाडीत कोणीच वाचत नाही, गाडीत प्रोटोकॉल पाळायचा. आता सिनियर काय म्हणतात ते बघू. कोणाचं काही बिघडलं नाही हे त्यांना कळलं कसं? आपण पेशंट कॅज्युअल्टीत सोडतो आणि पुढच्या कॉलला निघतो, महिन्याभरात त्याचं काय झालं ते कोण सांगायला येतंय! अभ्यास करणारे नेमकं तेच शोधत बसतात. स्वीडनमधला २०१७ सालचा अभ्यास घ्या, हार्ट अटॅकचा संशय असलेले ६६२९ पेशंट, सॅच्युरेशन ९० किंवा त्याच्या वर, निम्म्यांना ऑक्सिजन दिला निम्म्यांना नाही, आणि वर्षभरात दगावले अनुक्रमे ५.० टक्के आणि ५.१ टक्के. म्हणजे फरक नाहीच.

बरं, फायदा नाही तर नाही, लावला तर काय जातंय असं वाटेल. तर २०१० साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियातून आलेला अभ्यास बघा, तो तर ॲम्ब्युलन्समध्येच झाला, ऑक्सिजन पॅरामेडिकनीच दिला. सीओपीडीचा, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा, दम लागलेला वाटणारे ४०५ पेशंट. ज्यांना भरपूर ऑक्सिजन सोडला त्यांच्यातले ९ टक्के गेले आणि सॅच्युरेशन ८८ ते ९२ मध्ये राहील एवढाच मोजून दिला त्यांच्यातले ४ टक्के. ऑक्सिजन हे औषध आहे हो, डोस लागतोच.

फक्त आकड्याच्या आहारी जाऊ नका. बोटं गार पडली असली किंवा गडद नेलपॉलिश असलं की ऑक्सिमीटर काहीही दाखवतो, अशा वेळी बोट बदलून बघा, कान बघा, आणि ओठ निळे पडलेत, पेशंट शॉकमध्ये आहे (बीपी कोसळलंय) तर नंबरची वाट बघत बसू नका.

सिनियरशी पेशंटसमोर वाद नको. आत शिरल्याबरोबर ऑक्सिमीटरचा प्रोब बोटाला लावा आणि "सर, सत्त्याण्णव आहे" एवढं मोठ्यानं म्हणा, पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर ड्युटीनंतर चहाला बसून प्रोटोकॉलचं पान पुढं सरकवा. आणि ऑक्सिजन लावण्याआधीचं सॅच्युरेशन फॉर्मवर लिहाच, ती चौकट बहुतेक जण रिकामी सोडतात.