कालव्यातलं लॉक पंपाशिवाय बोट वर कशी चढवतं? आपल्या पुण्याच्या मुठा कालव्यात अशी लॉकं बांधून बोटी चालवता येतील का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. लॉकं बांधता येतील, पण त्यांना लागणारं पाणी कोणी देणार नाही.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला लांबट हौद. बोट खालून आत आली की खालचं दार लावायचं आणि वरच्या बाजूची झडप उघडायची. वरचं पाणी आपसूक हौदात उतरतं, त्यावर तरंगत बोट वर येते आणि पातळी सारखी झाली की वरचं दार उघडतं. बोट उतरवायची असेल तर भरलेला हौद खाली रिकामा करायचा. बोट चढो की उतरो, हौदभर पाणी वरून खाली जातं ते जातंच. पनामा कालव्याच्या जुन्या लॉकांमध्ये एका जहाजापायी सुमारे 20 कोटी लिटर गोडं पाणी खर्ची पडतं. 2023 च्या दुष्काळात तिथे रोजची जहाजं कमी करावी लागली ती यामुळेच.

ही युक्ती चीनमधली, इ.स. 984 ची. तोवर तिथल्या महाकालव्यावर धान्याच्या बोटी उतारावरून दोरांनी ओढून चढवत. त्यात बोटी फुटत आणि त्या गोंधळात धान्य चोरीला जाई. वैतागून चिआओ वेइयुए या अधिकाऱ्याने सुमारे 75 मीटर अंतरावर दोन दारं बसवली. एवढा मोठा शोध चोरीच्या त्रासातून लागला, हे मला भारी वाटतं!

ती चिनी दारं वर उचलावी लागत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिलानमध्ये लिओनार्दो दा विंचीने दोन फळ्यांचं दार वापरलं. मिटल्यावर फळ्यांचा कोन पाण्याच्या वरच्या अंगाला राहतो, त्यामुळे पाण्याच्या दाबानेच त्या एकमेकींवर घट्ट बसतात. पातळी सारखी होईपर्यंत कितीही जोर लावा, दार हलत नाही. वाड्याच्या दरवाजाला दिंडी असते तशी फळीतच छोटी झडप असते, पाणी तिच्यातून सोडायचं.

आपल्या त्र्यंबकेश्वरची गोदावरी आंध्रात पोचते तिथे, धवळेश्वरमला, आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने 1852 पर्यंत बंधारा बांधून काढला. तिथल्या कालव्यांना लॉकं आहेत, कारण सिंचनाइतकीच जलवाहतूकही त्याच्या डोक्यात होती. आपला मुठा कालवा मात्र खडकवासला धरणातून शेती आणि पिण्याच्या पाण्यासाठी काढलेला. दौंड-इंदापूरला पाणी आवर्तनाने, म्हणजे ठरावीक पाळीने, सुटतं आणि प्रत्येक आवर्तनाआधी शहर विरुद्ध शेती हा वाद असतोच. त्यात बोटीसाठी बारमाही पातळी राखा म्हणून कालवा समितीच्या बैठकीत कोण उठून सांगणार?