स्क्रूविना हार्ड डिस्क बसवणारा ट्रे: डिप्लोमानंतर पुढे काय?

प्रश्न: मी कराडला मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. भंगारातून आणलेल्या जुन्या सर्व्हरसाठी स्क्रू न लावता ३.५ इंची हार्ड डिस्क बसेल असा ट्रे मी थ्रीडी प्रिंट केला. पीएलए (थ्रीडी प्रिंटिंगचं नेहमीचं प्लॅस्टिक) वापरलं. ड्राइव्हला अडकवून धरणारी लवचिक कडी १२ मिमी लांब आणि २.५ मिमी जाड आहे, ड्राइव्ह बसवताना ती २ मिमी वाकते. आठवड्याभरात कडी मुळाशी तुटली. मग ड्राइव्ह चालता चालता गायब व्हायला लागली. जास्त क्षमतेची दुसरी ड्राइव्ह तर खालच्या पिनांवर बसलीच नाही. तरी मला हेच काम आवडतं. अशी नोकरी असते का? थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग घेऊ की टूलरूमचा (साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या कार्यशाळेचा) कोर्स करू? घरी म्हणतात, सीएनसीवर ऑपरेटर म्हणून लाग.

उत्तर:

प्रिय विद्यार्थिनी,

आधी तुटलेल्या कडीकडे बघू, कारण कोर्सचं उत्तरही तिथूनच मिळेल.

एका टोकाला पक्क्या असलेल्या पट्टीच्या मुळाशी येणारा स्ट्रेन (मटेरियल किती टक्के ताणलं गेलं ते) ढोबळमानाने १.५ × वाक × जाडी ÷ लांबीचा वर्ग इतका असतो. तुझे आकडे घाल: १.५ × २ × २.५ ÷ १४४, म्हणजे ५.२ टक्के. पॉलिकार्बोनेटसारखं चिवट प्लॅस्टिकही एकदाच वाकवायचं असेल तर सुमारे ४ टक्क्यांपर्यंत सोसतं. पुन्हा पुन्हा वाकवायचं असेल तर त्याच्या साधारण ६० टक्केच धरतात. पीएलए त्याहून ठिसूळ, त्यामुळे तुझी कडी तुटणारच होती. आता लांबी २४ मिमी आणि जाडी २ मिमी घेऊन बघ, स्ट्रेन १.०४ टक्क्यांवर येतो. कडी तुटली की बहुतेक जण ती जाड करतात, पण वाक तेवढाच राहिला तर जाडीने स्ट्रेन वाढतोच. लांबी वाढव. मुळाशी जाडीच्या निम्मी, म्हणजे १ मिमीची गोलाई दे. काटकोनी कोपऱ्यातूनच चीर सुरू होते.

कडी उभी प्रिंट केली असशील, तर थर वाकण्याच्या दिशेला आडवे आले आणि ती थरांच्या सांध्यावर सुटली. कडी बेडवर आडवी पडेल असा भाग फिरव. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि बंदिस्त बेमध्ये (सर्व्हरमधल्या ट्रे सरकवायच्या कप्प्यात) ड्राइव्ह सहज ४५-५० अंशांवर चालते, म्हणून निदान पीईटीजी घे, एएसए किंवा एबीएस जमलं तर उत्तम. आणखी एक नियम पाळ: ट्रे बंद झाल्यावर कडी पूर्ण सैल असली पाहिजे. दाबाखाली राहिलेलं प्लॅस्टिक उष्णतेत हळूहळू ताण सोडतं आणि काही महिन्यांत पकड जाते.

मुळात ड्राइव्हचं वजन कडीवर येताच कामा नये. जास्त क्षमतेची ३.५ इंची ड्राइव्ह साधारण ७०० ग्रॅमची असते. वाहतुकीत ३० जीचा (गुरुत्वाकर्षणाच्या तीसपट) धक्का बसला तर जोर होतो सुमारे २०६ न्यूटन, म्हणजे २१ किलो वजनाइतका. प्लॅस्टिकची बारीक कडी तो झेलणार नाही. म्हणून जाणकार डिझायनर ट्रे यू आकाराचा करतात. दोन्ही बाजूंना लवचिक हात, प्रत्येक हातावर दोन पिना, आणि त्या पिना ड्राइव्हच्या बाजूच्या भोकांत शिरतात. ट्रे बेमध्ये सरकला की बेच्या भिंती हातांना बाहेर फाकू देत नाहीत. पिन २ मिमी आत जात असेल आणि ट्रे व भिंत यांच्यात प्रत्येक बाजूला अर्धा मिमीच मोकळीक असेल, तर पिन बाहेर येणं शक्यच नाही. भार पिनांवर आणि भिंतींवर जातो, हातांना फक्त उघडझाप करायची उरते. या क्षेत्रातली मला सर्वात आवडणारी कल्पना हीच आहे.

पिनेचा व्यास अंदाजाने ठरवू नकोस. ३.५ इंची ड्राइव्हच्या भोकांना ६-३२ यूएनसी या इंची मापाचे आटे असतात आणि आतला व्यास २.६४ मिमीपासून सुरू होतो, म्हणून पिन २.५ मिमीची. २.५ इंचीला एम३ (३ मिमी मेट्रिक) आटे असतात, तिथे २.४ मिमीची पिन घे. ड्राइव्हची रुंदी १०१.६ मिमी, अधिक-उणे ०.२५. एकच ड्राइव्ह मोजून ट्रे बनवला, तर दुसरी घट्ट नाही तर खुळखुळी बसते.

दुसरी ड्राइव्ह न बसण्याचं कारणही भोकांमध्येच आहे. जुन्या ३.५ इंची ड्राइव्हला खालच्या बाजूला ४४.४५ मिमी अंतराने भोकं असत. जास्त क्षमतेच्या ड्राइव्हमध्ये आत तबकड्या वाढल्या, मधल्या भोकांची जागा गेली आणि त्याऐवजी ७६.२ मिमी अंतरावरची भोकं आली. बाजूची बाहेरची दोन भोकं मात्र टिकली: कनेक्टरच्या टोकापासून पहिलं २८.५ मिमीवर आणि तिथून दुसरं १०१.६ मिमीवर. तुझ्या चारही पिना याच भोकांत जाऊ देत. पुढे त्याच ट्रेमध्ये २.५ इंची ड्राइव्ह बसवायची झाली तर ती मधोमध ठेवू नकोस. कनेक्टर बॅकप्लेनसमोर (बेच्या मागच्या, ड्राइव्ह जोडल्या जाणाऱ्या सर्किट बोर्डासमोर) यावा म्हणून ती एका बाजूला सरकवावी लागते.

ड्राइव्ह गायब होते तेव्हा तिची स्मार्ट माहिती (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) उघड आणि १९९ क्रमांकाचा सीआरसी त्रुटींचा, म्हणजे डेटा पाठवताना झालेल्या चुकांचा, आकडा बघ. तो वाढत असेल तर तबकड्यांवर संशय घेण्याआधी जोडणी तपास. तुझा ट्रे बहुधा कनेक्टर पूर्ण बसण्याआधीच बेच्या कडेला टेकतो. उरलेल्या फटीत ड्राइव्ह थरथरते (७२०० फेऱ्यांच्या ड्राइव्हचा कंप १२० हर्ट्झचा असतो) आणि संपर्क तुटतो. आधी कनेक्टर तळाला टेकला पाहिजे, ट्रेने त्यानंतर थांबायला हवं. त्यासाठी पुढे खटका दे: बिजागरीपासून १० मिमीवर दात आणि ६० मिमीवर बोट असेल तर जोर सहापट मिळतो, आणि तोच खटका उलटा फिरून ड्राइव्ह बाहेरही काढतो. खटक्याच्या रंगालाही अर्थ असतो. आयबीएमच्या सर्व्हरवर चालू यंत्रातून काढता येणाऱ्या भागांना विटकरी रंग असतो, नुसती हात लावायची जागा निळी असते.

आता नोकरीचं. ‘ड्राइव्ह ट्रे डिझायनर’ अशी जाहिरात तुला दिसणार नाही. पदाचं नाव मेकॅनिकल डिझाइन इंजिनिअर, प्लॅस्टिक पार्ट डिझायनर किंवा एन्क्लोजर डिझाइन असं असतं. सर्व्हरच्या सांगाड्यांचं बरंच काम तैवानमध्ये चालतं. आपल्याकडे हेच कौशल्य पुणे-चाकण पट्ट्यात गाड्यांच्या अंतर्गत भागांच्या क्लिपा, वीजमीटर आणि वैद्यकीय उपकरणांची आवरणं यांत लागतं. सुरुवात तिथून कर. फक्त हार्ड डिस्कच्या ट्रेवर आयुष्य बेतू नकोस: सर्व्हरमधल्या ई१.एस आणि ई३ प्रकारच्या एसएसडींना वेगळा ट्रे लागतोच असं नाही, अनेकदा खटका ड्राइव्हलाच लावतात. एम.२ एसएसडीचा इवलासा स्क्रू जाऊन काही मदरबोर्डवर फिरती कडी आलीच आहे. वस्तू बदलते, कडीचं गणित तेच राहतं.

कोर्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नुसतं कॅड शिकवणाऱ्या क्लासला पैसे घालण्याआधी साचा समजून घे, कारण कारखान्यात असे भाग प्रिंट होत नाहीत, वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबून घडवतात. कडीच्या हुकाखाली तळात खिडकी ठेवली तर साच्याचे दोन अर्धेच तो आकार घडवतात. नाही ठेवली तर सरकता कोर (साच्याचा बाजूने सरकणारा तुकडा) लागतो आणि साचा महागतो. एबीएस सुमारे ०.५ टक्के आकसतं, पीओएम हे दुसरं प्लॅस्टिक २ टक्क्यांच्या आसपास. १५० मिमीच्या ट्रेवर हा फरक दोन मिमीच्या वर जातो, म्हणून साचा झाल्यावर मटेरियल बदलता येत नाही. रिब (भिंतीला आतून मजबुती देणारी पट्टी) भिंतीच्या ६० टक्क्यांहून जाड झाली की समोरच्या पृष्ठभागावर खळगा पडतो. स्क्रीनसमोर बसून हे कळत नाही, साच्यातून भाग बाहेर पडताना बघावं लागतं.

घरची आर्थिक घडी परवानगी देत असेल तर थेट दुसऱ्या वर्षाला मेकॅनिकल घे, कारण मोठ्या कंपन्यांचे डिझाइन विभाग पदवी मागतात. प्रत्येक सुट्टी मात्र मोल्ड शॉपमध्ये घालव. लवकर कमावणं गरजेचं असेल तर सिपेट या केंद्र सरकारच्या प्लॅस्टिक तंत्रज्ञान संस्थेचा डिप्लोमानंतरचा दीड वर्षाचा प्लॅस्टिक मोल्ड डिझाइनचा कोर्स बघ. सिपेटचं केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. तिथल्याच इंडो-जर्मन टूलरूमचे अभ्यासक्रमही तपास. पदवीनंतर सीईईडी ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाचा मार्ग खुला राहील. घरच्यांचं म्हणणंही पूर्ण चुकीचं नाही. सीएनसीची नोकरी साचे करणाऱ्या टूलरूममध्ये असेल तर ती याच वाटेवरची आहे. नटबोल्टच्या एकसारख्या उत्पादनावर बसवत असतील तर नको म्हण.

ट्रे अर्धवट सोडू नकोस. बंद पडलेली ड्राइव्ह घेऊन नवा ट्रे ५०० वेळा घाल-काढ, कारण बॅकप्लेनचा साटा (ड्राइव्ह जोडण्याचा) कनेक्टरही तेवढ्याच वापरासाठी ठरवलेला असतो. दर ५० वेळांनी हुकाच्या वजनकाट्याने ओढण्याचा जोर मोजून तक्ता कर. मग ड्राइव्हसकट ट्रे ६० अंशांवर दिवसभर ठेवून पिनांमधलं अंतर व्हर्नियरने पुन्हा मोज. मुलाखतीला जाताना तुटलेली कडी, तिचा ५.२ टक्क्यांचा हिशोब, नवा ट्रे आणि हा तक्ता सोबत ने.