अटेन्युएट : ताणून बारीक झालेला शब्द

बाळाच्या बीसीजी या क्षयाविरुद्धच्या लशीची माहिती वाचताना एका ताईंना ‘लाइव्ह अटेन्युएटेड’ हे शब्द भेटले. त्यांचा भाऊ फायबर केबलच्या कामात आहे, आणि तो रोज ‘अटेन्युएशन’ मोजतो. दोन्हीकडचा शब्द एकच का, आणि त्याला मराठीत काय म्हणावं, असं त्यांनी विचारलं आहे.

शब्द एकच आहे. कोशात ‘क्षीण करणे, जोर कमी करणे’ असा अर्थ मिळतो, पण मुळात तो अशक्तपणाचा शब्दच नाही, बारीकपणाचा आहे. लॅटिनमध्ये ‘टेनुइस’ म्हणजे बारीक, पातळ. त्यावरून ‘अटेनुआरे’ म्हणजे बारीक करणे, आणि तिथून सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला. टेनुइसच्या मागे जो धातू आहे त्याचा अर्थ ताणणे. सोनार सोन्याची तार ओढतो तेव्हा सोनं तेवढंच राहतं, तार मात्र लांबते आणि बारीक होत जाते. ताणलेलं ते बारीक आणि बारीक ते नाजूक, असा हा अर्थाचा प्रवास आहे.

हा धातू आपल्या घरातलाच आहे, हे मला फार आवडतं. संस्कृत ‘तन्’ म्हणजे ताणणे, पसरणे. आपलं ताणणे, तंतू, तन्वंगी हे सगळे त्याच गोतातले. संस्कृत ‘तनु’, लॅटिन ‘टेनुइस’ आणि इंग्रजी ‘थिन’ ही सख्खी भावंडं! पतंजलींच्या योगसूत्रात दुसऱ्या पादात क्रियायोगाचं प्रयोजन सांगताना ‘क्लेशतनूकरण’ असा शब्द येतो. क्लेश एकदम नाहीसे होत नाहीत, आधी ते बारीक करायचे. अटेन्युएशनचा याहून नेमका प्रतिशब्द मला तरी माहीत नाही.

बीसीजीची गोष्ट अशीच चिकाटीच्या तनूकरणाची आहे. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच संशोधकांनी लील शहरात 1908 मध्ये गाईगुरांच्या क्षयाचा जंतू बटाटा, ग्लिसरीन आणि पित्त यांच्या मिश्रणावर वाढवायला घेतला. एका वाढीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, अशा सुमारे 230 पिढ्या त्यांनी तेरा वर्षं चालवल्या. जंतू जिवंत राहिला, पण रोग पाडण्याची त्याची धार गेली. 1921 मध्ये ही लस पहिल्यांदा माणसाला दिली गेली. आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावरचा वण तिचाच. म्हणून इथे ‘अटेन्युएटेड’ म्हणजे मेलेला नव्हे. मारलेल्या जंतूंच्या लशी वेगळ्या, त्यांना ‘इनॅक्टिव्हेटेड’ म्हणतात.

भावाच्या केबलमध्ये बारीक होतो तो प्रकाश. चांगल्या फायबरमध्ये किलोमीटरला साधारण 0.2 डेसिबल इतकीच घट होते, म्हणजे पंधरा किलोमीटर गेल्यावर तीन डेसिबल, आणि तीन डेसिबलची घट म्हणजे प्रकाशाची शक्ती निम्मी उरणं. संदेश तोच, त्याचा जोर उतरलेला.

कोर्टातलं ‘एक्स्टेन्युएटिंग’ही याच टेनुइसचं. तिथे गुन्हा पुसला जात नाही, त्याची तीव्रता कमी धरली जाते.

आता मराठीचं. सरसकट ‘कमजोर करणे’ लिहू नये, कारण त्यात हळूहळू बारीक होण्याची छटा राहत नाही. लशीसाठी ‘क्षीण केलेले जिवंत जंतू’ लिहावं, आणि त्यातला ‘जिवंत’ कधीही गाळू नये. तांत्रिक लेखनात ‘क्षीणन’ चालेल. रोजच्या बोलण्यात मात्र आपल्याकडे ‘रोडावणे’ हा सुंदर शब्द आहे. रोड म्हणजे किडकिडीत, आणि उन्हाळ्यात ओढ्याची धार रोडावते, सभेची गर्दी रोडावते. बारीक होण्यातून कमी होण्याकडे जाणारी लॅटिनची वाट मराठीनेही आपापली शोधली आहे. त्यामुळे ‘अंतर वाढलं की सिग्नल रोडावतो’ असं भावाला खुशाल म्हणू द्या.