वही माळ्यावरून खाली काढा

पत्र : 'मुलीला नीटमध्ये दुसऱ्यांदा गुण कमी पडले. आता म्हणते, हवामानशास्त्र करते. तीन वर्षं गच्चीवर थर्मामीटर लावून वही लिहायची. अभ्यास व्हावा म्हणून ती वही मी माळ्यावर टाकली. ज्यांचा अंदाज रोज चुकतो, त्यांच्यात काय करिअर? तिसऱ्यांदा बसवायला मी तयार आहे. तिला समजवा. एका पानाचा फोटो पाठवतो.' – एक वडील, सोलापूर

तिला नाही, मला तुम्हालाच समजवायचं आहे. गुणांचं काही वाटलं नाही; माळ्यावरचं वाक्य मात्र लागलं. तिसऱ्यांदा बसायला तुम्ही तयार आहात, ती आहे का? पत्रात कुठेच नाही.

तक्रार म्हणून पाठवलेलं पान मी दोनदा वाचलं. 'दु. ३ : ४३.२. टाकीची भिंत तापते म्हणून जास्त येतंय का? जागा बदलायची.' अहो, नेमक्या याच कारणासाठी वेधशाळेत तापमापक भिंतीला टांगत नाहीत. पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर ठेवतात. पोरीला ही शंका आपली आपण आली!

आता 'अंदाज चुकतो' याबद्दल. आपण 'मुसळधार' सहज म्हणतो. हवामान खातं सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत ६४.५ मिलिमीटर झाला तरच म्हणतं, ११५.६ पासून अति मुसळधार. उष्णतेच्या लाटेचंही तसंच. मैदानी भागात पारा किमान ४० हवा, शिवाय त्या जागेच्या सरासरीहून निदान ४.५ अंश वर, नाहीतर थेट ४५. किनाऱ्यावर ३७ पासूनच विचार होतो. म्हणून मे महिन्यात सोलापूरला ४२ झालं, तरी ती लाट असेलच असं नाही. अंदाज चुकतात, खरं आहे. पण चुकला हे कळतं कशावरून? कुणीतरी रोज ठरल्या वेळी मोजून ठेवलेलं असतं. तुमच्या घरात ते काम चालू होतं, तुम्ही बंद पाडलंत.

वाट सरळ आहे : भौतिकशास्त्र-गणितात बीएस्सी, मग पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राची एमएस्सी, संशोधन करायचं तर पुण्यातलीच आयआयटीएम, म्हणजे उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था. बारावीला तिचं गणित होतं का, तेवढं आधी बघा. नसेल तर पहिली अडचण ती आहे, नीट नव्हे.

आज वही खाली काढा, पुसा आणि 'चुकलं माझं' म्हणून तिच्या हातात द्या. मधल्या दिवसांचे रकाने रिकामे राहतील. ते अंदाजाने भरायला सांगू नका. ती भरणारही नाही.