तुमचे प्रश्न: परसातली बैठक

नमस्कार ताई, मिरजेच्या बाहेर घर बांधून दोन वर्षं झाली, मागे साधारण २० बाय २५ फूट जागा मोकळी आहे. एक आंबा, धुण्याच्या तारा आणि बांधकामातनं उरलेली शहाबादी, एवढंच आहे तिथं. आम्ही दहाबारा मित्र महिन्यातनं एकदा गायला बसतो, एकाची पेटी, एकाचा तबला, एकाचं गिटार, बाकीचे दाद देणारे आणि भजी खाणारे. हॉलमध्ये मावत नाही आता. एकजण म्हणाला पत्र्याचं शेड मारा नि दोन स्पीकर लावा, कोटेशन बघून गार पडलो. ४० हजारात काही होईल का? शेजारी वयस्कर जोडपं राहतं.
– एक वाचक, मिरज

पत्रा तेवढा नको हो! पत्र्याखाली तबला वाजला की आवाज असा घुमतो की बोल कळत नाहीत, उन्हाळ्यात संध्याकाळीही भट्टी, आणि पावसात तर गाणंच बंद करावं लागतं. पावसाळ्यात सरळ हॉलमध्ये दाटीवाटीने बसा, चार महिन्यांसाठी छप्पर कशाला.

खरा घोळ वेगळाच असतो. घरात भिंती आवाज परत आणून देतात, उघड्यावर तो चहूकडे पांगतो, म्हणून गाणारा ओरडायला लागतो आणि मग लोकांना स्पीकर सुचतो. आम्हीसुद्धा पहिल्यांदा गाणाऱ्याला हौसेनं मधोमध झाडाखाली बसवलं होतं, फोटो झकास आले, पण मागे बसलेल्यांना नुसता डग्गा ऐकू येत होता. पुढच्या वेळी त्यालाच कंपाउंडच्या भिंतीला पाठ देऊन बसवलं, ऐकणारे समोर अर्धगोलात, शेवटचा माणूस दहाबारा फुटांवर, आणि माइकची आठवणसुद्धा कुणाला झाली नाही. तुमच्याकडे दोन भिंतींचा कोपरा असेल तर तोच गाणाऱ्याला द्या. फक्त तोंड शेजाऱ्यांच्या बेडरूमकडे नको, तुमच्या घराकडे असू दे.

आंब्याखालची जागा टाळा. मोहोराच्या दिवसात तुडतुडे चिकट गोड रस टाकतात, तो पेटीवर पडला की पुसत बसा.

घरात पडलेली शहाबादी वापरा की! १० बाय १२ फुटांचा तुकडा मुरूम ठोकून करून घ्या, पाण्याला ढाळ घराच्या उलट दिशेला, गवंड्याला दोनदा सांगा कारण ते विसरतात. वर जाड सतरंजी, कडेला लोड, आणि गुडघेदुखीवाल्यांसाठी (आपल्या वयात निम्मे तेच) मागच्या बाजूला चार खुर्च्या. चौथरा वगैरे नकोच, गाणारा आणि ऐकणारे एका पातळीवर असले की गप्पांची मजा राहते.

लायटी पिवळ्या, मंद आणि डोक्याच्या खाली लावा. पांढऱ्या ट्यूबवर किडे तुटून पडतात, म्हणून एक पांढरा दिवा मुद्दाम लांबच्या कोपऱ्यात लावून ठेवायचा, सगळे तिकडे जातात. डासांना वाऱ्यात उडता येत नाही, त्यामुळे एक पेडेस्टल फॅन ऐकणाऱ्यांच्या पायांकडे सोडा, गाणाऱ्याच्या गळ्यावर नको नि वहीवरही नको. खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड ओढायचा प्रकार मात्र बंद, ओल्या जमिनीवर तो जिवावर बेततो. झाकणवाला बाहेरचा पॉइंट, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच), इथे पैसे वाचवू नका. बाकी फरशी घरचीच आहे म्हटल्यावर बजेटमध्ये आरामात बसेल.

आता शेजारी. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावता येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण २०१० च्या दुरुस्तीनंतर ध्वनिप्रदूषणाच्या नियमात वाद्यंसुद्धा आली आहेत, म्हणजे तुमचा तबलाही. साडेसहाला सुरू करून साडेनऊला पेटी मिटा. आणि पहिल्या बैठकीला त्या आजी-आजोबांना स्वतः जाऊन बोलवा, खुर्ची पुढची द्या, त्यांची फर्माईश विचारा. डिसेंबरात शाल पण.

ताई, आमच्या अंगणात बैठक सुरू झाली की अर्ध्या तासात तबला उतरतो, वाजवणारा वैतागतो. काय करू?
– एक वाचक, फोंडा

तुमच्याकडची हवाच दमट, चामडं ओल धरून सैल पडतं. तबला लोक जमायच्या अर्धा तास आधीच बाहेर आणून ठेवायचा, मग लावायचा, म्हणजे पहिल्या गाण्यातच उतरत नाही. दोन गाण्यांच्या मध्ये वर झाकण टाका, दुसरा तबला घरात ठेवता आला तर उत्तमच. शेगडीवर शेकवू नका बरं का, मधली काळी शाई तडकली की नवीन पुडीचा, म्हणजे वरच्या अख्ख्या चामड्याचा खर्च!