पिन हलत नाही, काय करू?

या वेळची बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत. रायफल साफसफाईसाठी खोलली आणि मध्येच काहीतरी अडकून बसलं. त्यातली चार उत्तरासाठी घेतली आहेत. शस्त्रागारात उमेदीची सगळी वर्षं घालवल्यामुळे पहिलं वाक्य सवयीनंच लिहितो: मॅगझिन काढा, बोल्ट (मागून नळी बंद करणारा सरकता दांडा) उघडा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून चाचपा. काडतुसं खोलीबाहेर ठेवा. हे झालं नसेल तर पुढचं वाचू नका.

प्रश्न: वडिलांची जुनी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल रीतसर माझ्या नावावर झाली आहे. बरीच वर्षं कपाटात पडून होती. ट्रिगरचा संच धरून ठेवणाऱ्या दोन पिनांपैकी पुढची सहज निघाली, मागची जागची हलत नाही. डब्ल्यूडी-40 मारलं, रात्रभर ठेवलं, पंच लावून ठोकलं. आता पिनचं टोक चपटं झालंय आणि ती तशीच आहे. मोठी हातोडी घेऊ का?

उत्तर: हातोडी खाली ठेवा. पिन अडकण्याची कारणं चार-पाच असतात आणि जोर लावून सुटणारं त्यांत एखादंच.

मला पहिला संशय येतो तो स्प्रिंगचा. पुढची पिन काढल्याबरोबर ट्रिगरचा संच स्प्रिंगच्या दाबानं किंचित तिरका होतो आणि सगळा भार मागच्या पिनवर आडवा पडतो. अशी पिन गंजलेली नसते, चिमटीत सापडलेली असते. काढलेली पिन परत तिच्या जागी सरकवा. स्ट्रायकर (काडतुसावर आपटणारा दांडा) कॉक केलेला, म्हणजे ताणून ठेवलेला असेल तर बोल्ट काढून घ्या. मग एका हातानं संच वर-खाली हलवत दुसऱ्या हातानं मागच्या पिनवर पंच टेकवून दाबून पाहा. हलवताना एका नेमक्या जागी पिन एकदम ढिली पडते, ते बोटाला कळतं. तसं झालं तर पत्र इथंच संपलं.

नाही झालं, तर भिंग घेऊन पिनची दोन्ही टोकं पाहा. मध्ये भोक आणि बाजूला चीर दिसली तर ती रोल पिन, म्हणजे गुंडाळलेल्या पत्र्याची स्प्रिंगसारखी पिन. तिला साधा सपाट पंच लावला की तो आत घुसून तिला आणखी फाकवतो. तिच्यासाठी टोकावर बारीक गोल उंचवटा असलेला पंच मिळतो. एका टोकाला उभ्या रेघा कोरलेल्या असतील तर ठोका बिनरेघांच्या बाजूनं द्यायचा, म्हणजे रेघांचं टोक आधी बाहेर पडतं. आणि दोन टोकांच्या व्यासात फरक असेल तर ती निमुळती पिन. व्हर्निअर लावा, डोळ्यांवर विसंबू नका. मेट्रिक टेपर पिनचा उतार 1:50 असतो, म्हणजे 10 मिमी लांबीच्या पिनमध्ये फरक जेमतेम 0.2 मिमीचा. मोठ्या टोकावर ठोकत राहिलात तर तुम्ही ती काढत नसून बसवताय. डावीकडून उजवीकडे काढायची, उजवीकडून डावीकडे घालायची ही जुनी रीत बऱ्याच रायफलींना लागू पडते, पण त्या मॉडेलचा सुट्या भागांचा नकाशा समोर असेल तर ऐकायचं त्याचंच. काही पिना आडव्या स्क्रूनं किंवा क्लिपनं अडवलेल्या असतात. तो स्क्रू रंगाखाली किंवा जुन्या ग्रीसखाली लपतो.

आता तुमचं चपटं झालेलं टोक. ते भोकापेक्षा रुंद झालं आहे, म्हणजे आता ही पिन त्या बाजूनं आत शिरणारच नाही, तेलाचं पिंप ओतलंत तरी. बारीक कानस किंवा तेलदगड घेऊन फुटलेली कड उतरवा. आजूबाजूच्या पोलादावर चिकटपट्टीचे दोन थर लावा, नाहीतर ब्लूइंगवर (पोलादाच्या निळसर-काळ्या संरक्षक थरावर) ओरखडा कायमचा. नखानं कड लागेनाशी झाली की थांबा.

मग तेल. डब्ल्यूडी-40 मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं आहे, नावातली पहिली दोन अक्षरंही तेच सांगतात. गंजात मुरायला खास पेनिट्रेटिंग ऑइल चांगलं. पण कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या रायफलीत गंजापेक्षा वाळलेलं वंगणच जास्त अडवतं. ते पिवळट राळेसारखं होतं आणि त्याला तेलानं फारसं काही होत नाही. त्यावर रॉकेल किंवा व्हाइट स्पिरिट चालतं. लाकडी दस्ता आधी काढून ठेवा. अ‍ॅसिटोन वापरायचा मोह होईल, पण त्याचा एक थेंब दस्त्याच्या पॉलिशवर पडला तर डाग घेऊन बसाल.

ठोकण्याची वेळ येईल तेव्हा खालचा आधार आधी बघा. रायफल मांडीवर किंवा गादीवर ठेवून ठोकलंत तर ठोका गादी खाते. पिनच्या बरोबर खाली भोक येईल असा लाकडी किंवा नायलॉनचा ठोकळा हवा, आणि तो डगमगता कामा नये. पहिला ठोका आखूड, जाड बुडाच्या स्टार्टर पंचानं. पिन मिलिमीटरभर सरकली की मग लांब सरळ पंच, पिनपेक्षा किंचित बारीक. घाबरत घाबरत मारलेले पन्नास ठोके पिनचं टोक चेपतात. दीडदोनशे ग्रॅमच्या हातोडीचा एक नेमका, सरळ ठोका पिन सरकवतो. आवाजाकडेही लक्ष द्या. बसलेली पिन बद्द वाजते, सुटू लागली की आवाज बदलतो.

उष्णता? हेअर ड्रायर चालेल, ब्लोटॉर्च नाही. पोलाद मीटरमागे अंशाला सुमारे 12 मायक्रॉन वाढतं. 5 मिमीचं भोक 100 अंशांनी तापवून जेमतेम 6 मायक्रॉन मोठं होणार, आणि पिनही तापली तर तेवढाही फायदा नाही. खरा उपयोग वाळलेलं वंगण मऊ होण्याचा. स्क्रूला लाल लॉकटाइट (आटे पक्के धरणारा गोंद) लावलेलं असेल तर त्याला सुमारे 250 अंश लागतात, आणि तेवढी आच बोल्टजवळ किंवा स्प्रिंगजवळ न्यायची नाही. पोलादाचं पाणी उतरलं तर ते परत चढवणं घरी होत नाही. समोरची माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) काही बंदुकींवर कथलाच्या डाखानं बसवलेली असते. शिसं-कथलाचा नेहमीचा डाख 183 अंशांपासून वितळायला लागतो, तेव्हा तिथं तर आचेचं नावच काढू नका.

इतकं करूनही हलली नाही, तर आर्मररकडे (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे) न्या आणि काय काय करून झालंय ते सगळं सांगा. आम्हाला सगळ्यात जास्त त्रास देते ती आधी कोणीतरी गुपचूप ठोकलेली पिन.

प्रश्न: माझी रायफल ली-एनफिल्ड नंबर 1 मार्क 3. पुढचं लाकूड निघत नाही म्हणून मागचा दस्ता आधी काढावा म्हणते. लांब स्क्रूड्रायव्हर मिळाला आहे. करू का सुरुवात?

उत्तर: नाही, ताई. या मॉडेलमध्ये दस्त्याच्या लांब बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडात बसवलेल्या लोखंडी पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड जागेवर असताना तो बोल्ट फिरवलात तर चौकोनी टोक आतून लाकूड चिरतं. शंभर वर्षांची कितीतरी लाकडं अशीच गेली. आधी पुढचं लाकूड, मग दस्ता.

ते निघत नसेल तर आतल्या बँडचा (नळीभोवतीच्या कड्याचा) स्प्रिंगवाला छोटा स्क्रू राहिला आहे का पाहा. तो विसरला जातोच. सगळे स्क्रू निघाले असतील तर लाकूड मागच्या बाजूला घट्ट धरून बसलेलं असतं. नळीच्या टोकाकडून तरफेसारखं ओढू नका. ट्रिगरजवळ रबरी हातोडीनं हलके टोले देत सरळ खाली उतरवा. आणि स्क्रूसाठी साधा स्क्रूड्रायव्हर नको. त्याचं पातं पाचरीसारखं असतं, बंदुकीच्या स्क्रूची खाच सरळ भिंतींची. जोर लावला की पातं वर चढतं आणि खाच खराब होते. खाच पूर्ण भरणारं, समांतर बाजूंचं पातं घ्या, आधी किंचित आवळा, मग सोडवा.

प्रश्न: स्प्रिंगवाल्या एअर रायफलचा मागचा ब्लॉक अडकलाय. पिन तर निघाली.

उत्तर: पिन परत घाला, आत्ताच. ब्लॉकच्या पुढे, आत, आधीच दाबून बसवलेली मेनस्प्रिंग आहे. ब्लॉक सुटला तर तो तुमच्या चेहऱ्याच्या दिशेनं येईल. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय हे काम नाही.

प्रश्न: नळी साफ करताना सळई कापडाच्या तुकड्यासकट मधेच अडकली. पुढेही जात नाही, मागेही येत नाही.

उत्तर: कापड जाड झालं, एवढंच. सळई पिरगाळू नका, जोडाची असेल तर आटे आतच तुटतील. नळी उभी धरून दोन्ही टोकांकडून पेनिट्रेटिंग तेल सोडा, तासभर थांबा आणि सळई जिकडून घातली तिकडेच सरळ ओढा. हाताला पकड मिळत नसेल तर सळईला लाकडी मूठ आवळून बसवा. तरीही हटेना, तर समोरच्या टोकाकडून नळीच्या मापाची पितळी दांडी घालून हलके टोले द्या. गोळी झाडून तुकडा उडवून देण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाला रायफलीपासून लांब ठेवा. अडथळा असलेली नळी फुटते. तुकडा निघाल्यावर बोल्ट काढून मागून उजेडाकडे बघा. कापडाचा धागा जरी राहिला असेल, तरी कोरडा पॅच पुन्हा एकदा फिरवा, या वेळी अर्ध्या आकाराचा.